डाखकाम, इलेक्ट्रॉनीय

इलेक्ट्रॉनीय घटकांची टोके मंडल-फलकावरील तांब्याच्या पट्ट्यांना कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूने, म्हणजे डाखाने, जोडण्याच्या क्रियेस इलेक्ट्रॉनीय डाखकाम किंवा सोल्डरिंग म्हणतात. या क्रियेत तांबे वितळत नाही. वितळलेला डाख तांब्याच्या स्वच्छ पृष्ठावर पसरतो व दोहोंच्या सीमेवर कथिल आणि तांबे यांच्या संयुगाचा पातळ थर तयार होतो. तांब्यावरील ऑक्साइडाचा थर मात्र डाखास पसरू देत नाही. हा थर काढणाऱ्या व तापलेले पृष्ठ हवेपासून झाकणाऱ्या पदार्थास अभिवाह म्हणतात. अभिवाह पुरेसा तापल्यावरच क्रियाशील होतो आणि फार तापल्यास करपतो. म्हणून या तंत्राचा इतिहास हा बव्हंशी अभिवाह व तापमान यांचा मेळ घालण्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : दोन भाग शिसे व एक भाग कथिल यांचा डाख नळ जोडण्यासाठी वापरीत, असा उल्लेख रोमन ग्रंथकार प्लिनी (इ. स. २३–७९) यांनी केला आहे. पत्र्याच्या कामात जस्त क्लोराइड व नवसागर हे अभिवाह रूढ झाले. महाराष्ट्रातील कल्हईवाले तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कथिल चढविताना नवसागरच वापरीत आले आहेत. भांडे नंतर धुता येते. विद्युत् उपकरणाच्या आतील सांधा सहसा तसा धुता येत नाही. मागे राहिलेली क्लोराइडे आर्द्रता शोषून बारीक तारा गंजवितात आणि निरोधनातून विद्युत् प्रवाह झिरपू लागतो. त्यामुळे दूरध्वनी व रेडिओ यांच्या जोडणीत राळेचा अवलंब झाला. पाइन वृक्षाच्या स्रावातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर राळ उरते. तिच्यातील मुख्य घटक ॲबिएटिक अम्ल सु. १७०° से.च्या पुढे वितळते व ऑक्साइडावर क्रिया करते. थंड झाल्यावर राळ कठीण व विद्युत् निरोधक बनते आणि अम्ल तीत बंदिस्त राहते. सु. ६३% कथिल व ३७% शिसे असलेला डाख १८३° से.ला वितळतो. डाख वितळण्यापूर्वीच राळ आपले काम सुरू करते, हा मेळ फार सोयीचा ठरला.

क्रियाशील राळ : जुनाट किंवा मळकट पृष्ठावर नुसती राळ अपुरी पडते. म्हणून तीत अमाइनांची हायड्रोक्लोराइडे यांसारखे क्रियाकारक मिसळण्यात येऊ लागले. तापविल्यावर त्यांतून अम्ल मुक्त होते. उष्णता कमी पडल्यास क्रियाकारक पूर्णपणे विघटित न होता सांध्याशी शिल्लक राहतो व पुढे गंज निर्माण करतो. यास्तव अमेरिकी लष्करी मानकांत साधी, सौम्य क्रियाशील व क्रियाशील असे राळेचे प्रकार ठरविण्यात आले.

तापमान-नियंत्रण : आरंभीच्या विद्युत् सोल्डरिंग आयर्नचे तापमान कारागिराच्या अंदाजावर अवलंबून असे. त्याचे तांब्याचे टोक डाखातील कथिलात विरघळून झिजत असल्याने पुढे त्यावर लोखंडाचा मुलामा देण्यात येऊ लागला. ठराविक तापमानावर लोहचुंबकीय पदार्थाचे चुंबकत्व नष्ट होते, हे प्येअर क्यूरी यांनी १८९५ मध्ये दाखविले होते. या तत्त्वाचा उपयोग वेलर कंपनीच्या उपकरणात करण्यात आला : टोकातील तुकडा क्यूरी बिंदूपर्यंत तापताच त्याचे चुंबकाकडील आकर्षण संपून स्विच उघडतो व विद्युत् पुरवठा थांबतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुद्रित मंडलांचा प्रसार झाल्यावर एकेक सांधा हाताने करणे परवडेना. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये फलक वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून नेण्याची पद्धती पुढे आली. तीत अभिवाह लावलेला फलक प्रथम पूर्वतापनाने गरम करतात. त्यामुळे विद्रावक उडून जातो, अभिवाह क्रियाशील होतो व घटकांना उष्णतेचा एकाएकी धक्का बसत नाही. पृष्ठ-आरोपित घटकांसाठी डाखाची भुकटी व अभिवाह यांचा लगदा लावून फलक भट्टीतून टप्प्याटप्प्याने तापवितात.

दुष्परिणाम व निर्बंध : तापलेल्या राळेच्या धुरामुळे कामगारांना दमा होतो, हे १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील कारखान्यांच्या पाहणीत स्पष्ट झाले. राळेचे अवशेष धुण्यासाठी वापरले जाणारे सीएफसी-११३ हे द्रव्य ओझोन थरास घातक असल्याने माँट्रिऑल करारान्वये (१९८७) त्याचा वापर बंद करण्यात आला. परिणामी धुण्याची गरज नसलेले, ॲडिपिक अम्लासारखी दुर्बल कार्बनी अम्ले असलेले अभिवाह प्रचारात आले.

शिसे विषारी असल्याने यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनीय उपकरणांत त्यावर निर्बंध घातला. भारतातही २०११ च्या ई-कचरा नियमांत तशी तरतूद झाली. पर्यायी डाखात ९६.५% कथिल, ३% चांदी व ०.५% तांबे असते. तो २१७° ते २२०° से. या दरम्यान वितळतो. भट्टीचे कमाल तापमान त्यामुळे सु. २३५° ते २५०° से. ठेवावे लागते. अभिवाहास अधिक उष्णता सोसावी लागते, तर घटकांची सहनशक्ती फारशी वाढलेली नसते. साहजिकच चुकीला वाव कमी उरतो. शिवाय जवळजवळ शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसासारखे धातुतंतू वाढून मंडल लघुपथित होण्याचा धोका असतो. या कारणास्तव अवकाशयाने व संरक्षण यांसारख्या क्षेत्रांत शिसेयुक्त डाख अद्याप वापरात आहे.