सुवार्ता कधी ऐकलीच नाही, त्यांचं काय? ख्रिस्ती धर्मातला जुना प्रश्न आणि त्याचं कोल्हापूर-नगर कनेक्शन

कोल्हापूर भागात पितृपक्षात घरोघरी म्हाळ घालतात. गेलेल्या माणसांची आठवण त्या दिवशी निघते. समजा, कसबा बावड्यातल्या अशाच एका घरातला कुणी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झाला. तारण फक्त येशू ख्रिस्तात आहे, असं त्याला सांगितलं गेलं. त्याच्या मनात पहिला प्रश्न कुठला आला असेल? 'माझ्या आजा-पणज्याचं काय? त्यांनी तर येशूचं नावही ऐकलं नव्हतं.'

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे आणि त्याला एकच ठरलेलं उत्तर नाही. १८८६ साली यावर अमेरिकेत मोठं वादळ उठलं होतं. त्या काळातल्या दोन परस्परविरोधी प्रवाहांशी जोडलेली दोन माणसं महाराष्ट्रात जन्मलेली होती.

नेमका पेच काय आहे?

बायबलमध्ये दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात (१४:६) येशू म्हणतो की, पित्याकडे जाण्याचा मार्ग आपणच आहोत. प्रेषितांची कृत्ये (४:१२) सांगतं की, तारण दुसऱ्या कुणाच्या नावाने नाही. पण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:४) म्हटलंय की, सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. रोमकरांस पत्रात (२:१४-१५) पौल सांगतो की, ज्यांच्याकडे धर्मशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणात देवाचा नियम लिहिलेला असतो.

देव न्यायी असेल, तर न मिळालेल्या निरोपाबद्दल तो शिक्षा कशी करेल? आणि निरोप न मिळताही तारण होत असेल, तर येशूची गरज काय? सगळा वाद या दोन टोकांमधला आहे.

गोव्यातल्या संताला पडलेला प्रश्न

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात ज्यांचे अवशेष आहेत, ते फ्रान्सिस झेवियर १५४९ ते १५५१ या काळात जपानमध्ये होते. परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये त्यांनी कोचीहून युरोपला पत्र लिहिलं. नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक विचारत होते की, आमच्या मेलेल्या आई-वडिलांना प्रार्थनेने किंवा दानधर्माने नरकातून सोडवता येईल का? झेवियर यांचं उत्तर होतं, नाही. ते ऐकून लोक रडले आणि त्यांचं दुःख पाहून आपल्यालाही वाईट वाटलं, असं ते लिहितात.

याच पत्रात दुसरा विचारही आहे. चोरी, खून वाईट हे जपानी लोकांना कुणी न शिकवताही कळत होतं, म्हणजे देवाचा नियम त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचला होता, असं झेवियर सांगतात. पुढच्या काळात कॅथलिक विचार याच दुसऱ्या बाजूकडे झुकत गेला.

१८८६: कोल्हापूरचा रॉबर्ट, नगरचा रॉबर्ट

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. प्रिन्स्टनचं शिक्षण संपवल्यावर, १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात त्याने परदेशी मिशनसाठी नावं द्यायचं आवाहन केलं. शिबिर संपेपर्यंत सुमारे १०० तरुण तयार झाले. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत हजारो तरुण मिशनरी म्हणून जगभर गेले. याच पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता पोहोचवायची, हे चळवळीचं ध्येय होतं. एवढी घाई का? कारण सुवार्ता न ऐकता मरणारी माणसं कायमची गमावली जातात, अशी त्या काळच्या बहुतेक मिशनसमर्थकांची समजूत होती.

दुसरे रॉबर्ट म्हणजे रॉबर्ट ह्यूम. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले ह्यूम १८७४ पासून अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) काम करत होते. १८८६ मध्ये ते सुट्टीवर अमेरिकेत होते. त्या वेळी अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेतले काही प्राध्यापक असं मांडत होते की, ज्यांना जिवंतपणी ख्रिस्ताची ओळख झाली नाही, त्यांना अंतिम न्यायाआधी मृत्यूनंतर ती संधी मिळू शकते. ह्यूम यांनी तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या मताला सहानुभूती दाखवली.

त्यावरून गदारोळ झाला. ह्यूम यांना भारतात परत पाठवायचं की नाही, यावरच त्यांच्या मिशन बोर्डात वाद सुरू झाला. विरोधकांचा मुद्दा सरळ होता : मेल्यावरही संधी मिळणार असेल, तर मिशनचा कणाच मोडला, मग कोण कशाला घरदार सोडून जाईल? अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना परतण्याची परवानगी मिळाली.

पुढे काय झालं, ते विरोधकांच्या भीतीच्या उलट होतं. ह्यूम १९२६ पर्यंत नगरलाच काम करत राहिले. दुष्काळातल्या कामासाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. नगरच्या ज्या धर्मशिक्षण विद्यालयाची त्यांनी उभारणी केली, तिथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शिकवलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक सांगत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. म्हणजे आधीच्या वाटेवरही देवाचा हात होता, असं ते मानत होते.

ख्रिस्ती लोकांची वेगवेगळी मतं कोणती?

१. प्रत्यक्ष विश्वास हवाच : याच जन्मात येशूवर विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही. ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवणार, हा रोमकरांस पत्रातला (१०:१४) सवाल हा त्यांचा आधार. प्रेस्बिटेरियन पंथाचं 'वेस्टमिन्स्टर कन्फेशन' (१६४० चं दशक) याच बाजूचं आहे. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या आजही हेच मानतात.

२. मिळालेल्या प्रकाशाप्रमाणे न्याय : तारण येशूमुळेच होतं, पण त्यासाठी त्याचं नाव माहीत असलंच पाहिजे असं नाही. सॉक्रेटिससारखे विवेकाने जगलेले लोक एका अर्थी ख्रिस्तीच होते, असं दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर यांनी म्हटलं होतं.

३. मृत्यूनंतरची संधी : ह्यूम यांनी सहानुभूती दाखवली ते मत. मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली, असा उल्लेख पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:६) आहे. त्याचा अर्थ काय लावायचा, यावर मात्र एकमत नाही.

४. शेवटी सगळ्यांचं तारण : तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन यांच्या नावाशी जोडलेलं मत. मुख्य प्रवाहातल्या चर्चनी ते शिकवण म्हणून स्वीकारलं नाही.

५. अनेक वाटा : सगळे मोठे धर्म एकाच सत्याकडे नेतात. विसाव्या शतकात जॉन हिक यांनी हे मांडलं. बहुतेक चर्चना ते मान्य नाही.

याशिवाय, आपल्याला हे सांगितलेलं नाही, निर्णय देवाचा, असं म्हणून थांबणारेही पुष्कळ आहेत.

कॅथलिक चर्चची आजची भूमिका काय?

'चर्चबाहेर तारण नाही' हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या सिप्रियन यांच्यापासून चालत आलं. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने ते फार कडक शब्दांत मांडलं. पन्नास वर्षांनी कोलंबस अमेरिकेला पोहोचला आणि जगात सुवार्ता न पोहोचलेले केवढे लोक आहेत, हे युरोपला दिसलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केलं की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त माहीत झाला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. सगळे धर्म सारखेच, असा मात्र याचा अर्थ नाही. २००० साली व्हॅटिकनने तसं पुन्हा बजावलं. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटलं.

मग त्या पणज्याचं काय?

उत्तर कुणाला विचारता, त्यावर आहे. कडक मताचा पाळक म्हणेल, तारणाचं आश्वासन देता येत नाही. कॅथलिक फादर म्हणतील, ते विवेकाने जगले असतील तर आशा आहे. ह्यूम यांच्यासारखा माणूस म्हणाला असता, त्यांची ख्रिस्ताशी भेट अजून व्हायची असेल. त्यामुळे 'सगळे ख्रिस्ती म्हणतात, बाकीचे नरकात जाणार' असा मेसेज फॉरवर्ड होऊन आला, तर आधी एवढंच विचारा : कोणते ख्रिस्ती आणि कोणत्या काळातले?