धूर गेला, रंग आला

आज बोलायचं आहे ते स्वयंपाकघरातल्या लाकडाबद्दल. आपल्या वेळणेश्वरात आणि आजूबाजूच्या वाड्यांमध्ये गटातल्या बऱ्याच जणी सध्या ओट्याखाली कपाटं करून घेतायत. सुतार फणसाची नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभळीची कच्ची कपाटं करून देतो. बसवायचं आणि रंगवायचं काम आपण अंगावर घेतो, म्हणजे मजुरी वाचते आणि कर्जाचा हप्ता आवाक्यात राहतो. पण रंगाचे डबे आणायची वेळ आली की घरात कुणीतरी विचारतंच, "आजीचं फडताळ बिनरंगाचं जन्मभर टिकलं, मग तुमच्याच कपाटाला रंग कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर जुन्या स्वयंपाकघरातच मिळतं.

आपल्याकडच्या जुन्या घरात स्वयंपाकघर मागच्या अंगाला. मातीची चूल, शेजारी वैल, जमीन शेणाने सारवलेली. सगळं काम बसून. विळी, पाटा-वरवंटा, ताकाची रवी, सगळं जमिनीलगत. त्यामुळे उंच कपाटांची गरजच नव्हती. हाताशी लागणारं कोनाड्यात. मांजरापासून जपायचं ते सुंभाच्या शिंकाळ्यात. जड बरण्या भिंतीत बसवलेल्या फडताळात. ज्यांच्याकडे दुभतं जनावर होतं त्यांच्या घरी जाळीचं छोटं कपाट असायचं, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. या वाट्या रोज भराव्या लागत आणि ते काम घरातल्या लहान मुलीचं. कपाटाची देखभाल म्हणतात ती हीच.

या सगळ्या लाकडाला रंग नव्हता. पण ते उघडंही नव्हतं. त्याच्यावर धूर होता.

लाकूड जळताना जो धूर निघतो त्यात डांबरासारखे पदार्थ असतात. ते वाशांवर, फळ्यांवर, फडताळाच्या दारांवर थर धरून बसतात. काळा, चिकट, कडवट वासाचा तो थर किड्याला आणि बुरशीला सहज मानवत नाही. शिवाय चुलीची ऊब. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बाहेर सगळं ओलंचिंब असताना घरात कोरडी राहणारी जागा म्हणजे चुलीच्या आसपासची. म्हणून तर सुकी मासळी, आमसुलं, बियाण्याची काकडी, सगळं चुलीच्या वर टांगायचं. जो धूर मासळी टिकवत होता, तोच फडताळही टिकवत होता. आजीचं फडताळ टिकलं ते बिनरंगाचं होतं म्हणून नव्हे. रोज दोन वेळा त्याला धुराचा हात बसत होता म्हणून.

आणि तो हात कुणाच्या जिवावर बसत होता, हेही इथेच बोललं पाहिजे. धुराने लाकूड राखलं आणि आपल्या आज्यांचे डोळे आणि छाती खाल्ली. फुंकणी घेऊन चुलीशी बसलेली बाई दिवसाचे किती तास धूर गिळत होती, याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. तेव्हा जुनं ते सोनं म्हणताना आम्ही जरा थांबतो.

मग रंग किंवा पॉलिश कुणाला ठाऊकच नव्हतं का? होतं. पण ते पुढच्या दाराला, ओटीवरच्या झोपाळ्याला, देव्हाऱ्याला. लाखेचं पॉलिश आपल्या देशात पूर्वीपासूनचं. सावंतवाडीच्या चितारी मंडळींची लाखेची खेळणी, पाट आणि गंजिफा आजही ओळखीच्या आहेत. ही कला मागे पडत चालली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. पण लाखेच्या पॉलिशला एक खोड आहे. गरम भांडं ठेवलं किंवा पाणी साचलं की त्याच्यावर पांढरा डाग उठतो. म्हणजे ते स्वयंपाकघरात चालणारं नव्हतंच. तरीही आम्हाला वाटतं, चाललं असतं तरी तिथवर पोचलं नसतं. पाहुणा जिथवर येतो तिथवरच घराचा खर्च पोचायचा.

किनाऱ्यावर आणखी एक लेप होता. काजूच्या टरफलाचं तेल. काजूचं झाड पोर्तुगीजांनी 16व्या शतकात आणलं आणि ते इथलंच होऊन गेलं. टरफलातलं काळं तेल लाकडाला पाण्यापासून आणि किड्यापासून जपतं, म्हणून ते होड्यांना लावतात. पण ते कातडीला भाजून काढतं. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत, त्यांना हे सांगायला नको. होडीला ठीक, पिठाच्या डब्याशेजारी नको.

आता थोडं मुंबईला जाऊ, कारण आपल्या स्वयंपाकघराचा नवा नमुना तिथूनच आला. 1920 साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि पुढच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एक खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात कोकणातून गेलेले गिरणी कामगार दाटीवाटीने राहायचे. स्वयंपाक, झोप, मोरी, सगळं त्यातच. जमिनीवर जागा नाही म्हणून सामान भिंतीवर चढलं. फळी आली, फळीखाली खुंट्या आल्या, पुढे दारांचं कपाट आलं.

त्याच सुमारास, 1926 मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगार वस्त्यांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. त्या वास्तुविशारद होत्या. खोली जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट. भिंतीला लावून लाकडी कपाटं, मधे ओटा, बसून काम करायला फिरतं स्टूल. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली आणि आज जगभर जे ओटा-कपाटांचं स्वयंपाकघर दिसतं त्याची ही पणजी मानतात. कपाटं रंगवलेली होती, निळसर हिरव्या रंगात, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाच्या संशोधकांचा दावा होता. पिठाचे खण मात्र ओकच्या लाकडाचे, त्यातल्या तुरट द्रव्यामुळे पिठात अळी होत नाही म्हणून. आम्हाला या बाईंचं कौतुक आहे ते एवढ्यासाठी की प्रत्येक फळीला आणि रंगाला त्यांच्याकडे कारण होतं. आणि खर्च घराच्या भाड्यातच धरलेला होता. कपाट हवं म्हणून बाईला कुणाकडे वेगळं मागायला जावं लागत नव्हतं.

आपल्याकडे रंगाचा डबा पोचला तोही मुंबईमार्गेच. 1920 मध्ये लोअर परळला गहागन पेंट्सचा कारखाना निघाला, ज्याचं पुढे नेरोलॅक झालं. 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धामुळे बाहेरचा रंग येणं अडलेलं असताना, गिरगावात एशियन पेंट्स सुरू झाली. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी ब्रश घेतलेला खोडकर गट्टू काढला. हातात रंगाचा डबा आणि कपाळावर केसांची बट असलेला तो मुलगा अनेकींना दुकानाच्या पाटीवरून आठवत असेल. छोट्या डब्यांत रंग मिळू लागला आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात तो येऊन बसला. सणाच्या तोंडावर दार रंगायचं, खिडक्या रंगायच्या. फडताळाला उरलासुरला रंग, तोही फक्त दाराच्या बाहेरच्या बाजूला.

मग गॅस आला. शहरात आधी, आपल्याकडे हळूहळू, आणि 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर अनेक घरांत पहिल्यांदा. काही घरांत चूल आजही आहे, पण ती पडवीत किंवा परसात गेली. आत कडप्प्याचा ओटा झाला, बाई उभी राहिली, धूर गेला. आणि मग लाकडाला बुरशी धरू लागली. ओट्याखालचं कपाट म्हणजे बंद, अंधारी जागा. मागे जांभ्याची भिंत, जी पावसाळ्यात पाणी शोषते. खाली फरशी, जी आपण रोज पुसतो. ऊब नाही, धूर नाही, वारा नाही. अशा जागी कच्चं लाकूड दोन-तीन पावसाळ्यांत बोलायला लागतं. दार फुगतं, लागत नाही, आतून भुसा पडतो. धुराने जे काम फुकटात केलं (आणि बाईकडून त्याची किंमत वसूल केली) ते आता रंगाने करायचं आहे. आजीच्या फडताळाच्या प्रश्नाला आमचं एवढंच उत्तर.

म्हणून आमचा आग्रह मागच्या बाजूचा असतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. एक बाजू रंगवली आणि दुसरी कोरी ठेवली, तर कोरी बाजू फुगते आणि फळीला बाक येतो. सुतार सांगतात, "मागून कोण बघतंय?" बघणारं कुणी नाही हे खरंच, पण ओल तिथूनच येते. फळी कापलेल्या टोकाला तर सगळ्यात जास्त, कारण तिथे लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात. तिथे प्रायमरचे दोन हात द्यावेत. दारं बिजागरीवरून उतरवावीत, काचकागद लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवावा, प्रायमर, मग लांबी, पुन्हा बारीक काचकागद, भुसा ओलसर फडक्याने टिपून घ्यावा आणि त्यानंतर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. एक जाड हात दिला की तो वरून सुकतो आणि आत ओलाच राहतो. तेलाचा रंग नुसता पाणी उडून सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, त्याला दिवस लागतात. म्हणून हे काम दिवाळी ते शिमगा या काळातलं. आषाढात रंगवलेलं दार बोटाला चिकटतं.

बसवताना कपाट भिंतीला टेकवू नये. मागे दोन पट्ट्या ठोकून बोटभर फट ठेवावी, वारा खेळतो. खाली पाय द्यावेत किंवा कडप्प्याच्या पट्टीवर ठेवावं. जांभा मऊ असतो, आखूड स्क्रू सुटतात. लांब स्क्रू आणि प्लास्टिकची गिट्टी वापरावी, आणि पाणसळ लावल्याशिवाय एकही भोक पाडू नये. भिंती आपल्याकडे क्वचितच सरळ असतात.

जुनं फडताळ पुन्हा रंगवणार असाल तर मात्र सावध. जुन्या पिवळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त शिसं नको असा नियम सरकारने 2016 मध्ये केला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की त्याची पूड हवेत जाते, अन्नावर बसते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं वाईट. जुना रंग पाणी लावून, बाहेर अंगणात, नाकाला फडकं बांधून घासावा, पोरांना शेजारी धाडावं, आणि घासलेला गाळ परसात भाजीच्या वाफ्यात ओतू नये. गरोदर बाईने हे काम करूच नये.

कपाटाच्या आतला रंग फिका घ्यावा, झुरळ लगेच दिसतं. वास पूर्ण जाईपर्यंत दारं उघडी ठेवून आठवडाभर तरी आत पीठ-तांदूळ भरू नये. आणि एक खण जमिनीलगत बिनदाराचा ठेवून घ्या, विळीसाठी. ओटा झाल्यापासून ती बिचारी दाराआड उभी असते आणि नारळ तर रोज खवायचाच असतो.