निषिधी : मृत्यूच्या खुणेतून उलगडणारा समाज

ज्या काळी लिपी नव्हती, त्या काळातील माणसाचे मन जाणून घेण्याचे एक विश्वसनीय साधन म्हणजे त्याने आपल्या मृतांना दिलेला निरोप होय. घरे कोसळतात, भांडी फुटतात, धान्य जळून जाते. परंतु जमिनीत विधिपूर्वक ठेवलेला देह आणि त्याच्या सोबतच्या वस्तू पुष्कळदा हजारो वर्षे जागच्या जागी राहतात. आप्ताला निरोप देताना समाज आपली श्रद्धा, आपली भीती आणि आपल्यातील लहानमोठेपणा नकळत उघड करीत असतो. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात याच दृष्टीने जैन परंपरेतील निषिधीचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्याच भूमीतील एक प्राचीन उदाहरण पाहू. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. हे लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मुलांसाठी दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत. प्रौढांचा देह उत्तरेकडे डोके करून निजवीत, मात्र त्याची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मृताने परत उठून चालू लागू नये, या भीतीपोटी असे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. अंगणापलीकडे दूर न नेण्याइतकी माया आणि पावले तोडण्याइतके भय, या दोन्ही भावना एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी आढळतात.

याच वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत एका पुरुषाचा देह ठेवलेला होता व त्याची पावले शाबूत होती. त्या घराला जोडून धान्याचे कोठारही होते. सामान्यांना एक रीत व प्रमुखाला दुसरी, ही विषमता तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लहानशा गावातही रुजलेली होती, असे यावरून दिसते.

विदर्भातील शिळावर्तुळे हीच गोष्ट अधिक ठळकपणे सांगतात. नागपूरजवळील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा या ठिकाणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात मोठमोठे दगड वर्तुळाकार रचून आत दफने केली गेली. त्यांत लोखंडी शस्त्रे व अवजारे मिळाली. माहुरझरीला तर घोड्याचे अवशेष व त्याच्या मुखावरील तांब्याची आभूषणेही सापडली. ज्याच्यासाठी इतके दगड ओढून आणले व ज्याच्यासोबत घोडा दिला, तो माणूस त्या समाजात सामान्य नव्हता, हे उघड आहे. माहुरझरीचे उत्खनन करणारे डॉ. शां. भा. देव यांनीच १९५६ मध्ये जैन श्रमणसंघाच्या इतिहासावरील आपला मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. मृतासोबत घोडा पुरणारा समाज आणि कमंडलूवरही ममत्व ठेवू नये असे शिकविणारा संघ, या दोहोंचा अभ्यास एकाच विद्वानाने करावा, हा योग मोठा मनोज्ञ आहे.

जैन मुनिपरंपरेने मृत्यूकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. देह ही आत्म्याची तात्पुरती वसती आहे. ती सोडताना सोबत न्यावयाचे काहीच नाही, सोडावयाचे मात्र पुष्कळ आहे. आचार्य शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राचीन प्राकृत ग्रंथात समाधिमरणाच्या विस्तृत विवेचनाबरोबरच क्षपकाचा देह संघाने कोठे व कसा ठेवावा याचेही मार्गदर्शन आहे. त्या स्थानाला निषिधिका म्हटले आहे. मूळ अर्थ बसण्याची, विसाव्याची जागा. ओडिशातील खारवेल राजाच्या हाथीगुंफा शिलालेखातही या शब्दाचे प्राकृत रूप येते. पुढे समाधिमरणाच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा, स्तंभ वा मंडप यांनाही निषिधी म्हणू लागले.

निषिधीखाली धनदौलत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तिचे सारे धन वरच्या अक्षरांत आहे. याचा उत्तम प्रत्यय श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर येतो. तेथील सुमारे इसवी सन ६०० चा सर्वांत जुना लेख दक्षिणेकडे आलेल्या संघाचे व आचार्य प्रभाचंद्रांच्या समाधीचे स्मरण करतो. त्यानंतरच्या शतकांतील अनेक लेख खडकावर कोरलेल्या दोन-चार ओळींचेच आहेत. चित्तूरच्या मौनीगुरूंची शिष्या नागमती गंती हिने तीन महिने व्रत पाळून देह ठेवला, एवढेच एक लेख सांगतो. गंती म्हणजे आर्यिका. तिचे माहेर, सासर, कुळ, संपत्ती यांचा तेथे उल्लेख नाही. गुरू कोण आणि व्रत किती दिवसांचे, एवढीच तिची ओळख पुरेशी मानली गेली. ज्या काळात सामान्य स्त्रीचे नाव क्वचितच दगडावर येई, त्या काळात एका साध्वीचे नाव तिच्या स्वतःच्या साधनेसाठी कोरले गेले, ही सामाजिक इतिहासातील लहान घटना नव्हे.

तथापि निषिधींनी समाजातील उच्चनीचता पूर्णपणे पुसली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. राष्ट्रकूट घराण्यातील चौथा इंद्र याने ९८२ मध्ये श्रवणबेळगोळ येथे सल्लेखना घेतली. त्याच्या लेखात घोड्यावरून खेळावयाच्या चेंडूच्या खेळातील नैपुण्याचीही प्रशंसा आहे. होयसळांचा सेनापती गंगराज याने ११२१ मध्ये दिवंगत झालेल्या आपल्या पत्नीची, लक्ष्मीमतीची निषिधी उभारली. ११२९ मधील मल्लिषेण मुनींच्या प्रशस्तीत तर समंतभद्र, अकलंक आदी आचार्यांची परंपराच कोरलेली आहे. राणी शांतलेच्या ११३१ मधील निधनानंतर तिची माता माचिकब्बे हिने श्रवणबेळगोळला सल्लेखना घेतली. तिचे पती मारसिंगय्य शैव होते. एकाच घरात दोन धर्म सुखाने नांदत होते, ही गोष्टही आपल्याला अशा लेखांमुळेच कळते. मोठ्यांच्या शिळा मोठ्या होत्या, हे खरे; परंतु राजपुरुष असो वा अकिंचन आर्यिका, दोघांचा गौरव झाला तो त्यागासाठी, हे विसरता येत नाही.

ही परंपरा केवळ प्राचीन नाही. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे यम सल्लेखनेच्या ३६ व्या दिवशी देह ठेवला, तेव्हा दर्शनासाठी जनसागर लोटला होता. नागमती गंतीच्या दोन ओळींपासून कुंथलगिरीपर्यंत एकच धागा अखंड आहे.

आता थोडे आपल्या कर्तव्याविषयी. श्रवणबेळगोळचे लेख आज वाचावयास मिळतात, ते कोणीतरी वेळीच त्यांची नोंद केली म्हणून. १८८९ मध्ये बी. लुईस राइस यांनी तेथील १४४ लेख प्रसिद्ध केले. १९२३ मध्ये आर. नरसिंहाचार यांच्या आवृत्तीत ती संख्या ५०० झाली आणि १९७३ च्या आवृत्तीत ५७३. दगड तेच होते, पाहणारे डोळे वाढले. आपल्या परिसरातील जुन्या बस्तीच्या आवारात, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर एखादी शिळा दिसली, तर ती वीरगळ समजून सोडून देऊ नये. वीरगळावर युद्धाचा प्रसंग असतो, सतीशिळेवर कंकण ल्यालेला हात असतो. निषिधीवर बहुधा वरच्या भागी तीर्थंकरांची मूर्ती व खाली गुरूंसमोर बसलेला क्षपक असतो.

जीर्णोद्धार हे पुण्यकार्य आहे. परंतु संगमरवर व फरशी बसविण्याच्या उत्साहात जुना दगड पायरीखाली गेला, त्यावर तैलरंग चढला अथवा तो सिमेंटमध्ये गाडला गेला, तर शेकडो वर्षे टिकलेले एक नाव आपल्याच हातून पुसले जाईल. म्हणून जीर्णोद्धाराच्या प्रत्येक कामापूर्वी आवारातील जुन्या शिळांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांची जागा लिहून ठेवावी व लेख असल्यास जाणकारांकडून त्याचा ठसा घेऊन तो वाचून घ्यावा. या कामाला फार मोठा निधी लागत नाही. एक वही, एक कॅमेरा आणि दोन-चार उत्साही तरुण पुरेसे आहेत.

इनामगावच्या अनामिकांना स्वतःची नावे मागे ठेवता आली नाहीत. आपल्या पूर्वजांनी ती ठेवली आहेत. ती वाचून पुढील पिढीच्या हाती देणे, हे सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टला सहज पेलणारे आणि शोभणारे कार्य ठरेल.

जय जिनेंद्र!