मुतखडा, हकीम आणि जर्राह

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या मुस्लिम घरांतून दोन भाषा सहज बोलल्या जातात. घरात दखनी आणि बाजारात, कचेरीत, शाळेत मराठी. मात्र एका विषयापाशी आल्यावर दोन्ही भाषा अडखळतात. तो विषय लघवीच्या आजारांचा. मुतखड्याची कळ असह्य असते, म्हणून ती सांगितली जाते. परंतु धार मंद झाली, रात्री चारदा उठावे लागते, कपड्याला थेंब लागतो, लघवीतून रक्त गेले, या गोष्टी वडील मुलाला सांगत नाहीत, सासू सुनेला सांगत नाही आणि बायको नवऱ्यालाही सांगत नाही. याला आपण शरम म्हणतो आणि ही शरम आपल्या तहजीबचा भाग आहे असे समजतो. इतिहास चाळला तर उलटेच चित्र दिसते. ज्यांना आपण आपले बुजुर्ग म्हणतो, त्यांनी या विषयावर मोकळेपणाने आणि बारकाईने लिहून ठेवले आहे.

जाणकाराकडे पाठवण्याची जुनी रीत

ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस, ज्याला अरब बुकरात म्हणत, त्याच्या नावाने एक शपथ प्रसिद्ध आहे. जगभरचे डॉक्टर आजही तिचा आदराने उल्लेख करतात. तिच्यात एक कलम मुतखड्याचे आहे. खड्याच्या रोग्यावर आपण स्वतः शस्त्र चालवणार नाही, ते काम त्या कामातल्या माणसांवर सोपवू, असे वैद्य त्यात कबूल करतो. म्हणजे 'हा रोगी माझ्या हातचा नाही, याला तज्ज्ञाकडे न्या' असे सांगण्याची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिचे एक जुने उदाहरण लघवीच्या आजाराचेच आहे.

आपल्या देशात सुश्रुताने मुतखड्याला अश्मरी म्हटले आणि तो शस्त्राने कसा काढावा हे सविस्तर लिहिले. कुशल वैद्याच्या हातूनही हे काम बिघडू शकते, म्हणून दुसरा उपाय उरला नसेल तेव्हाच आणि राजाची परवानगी घेऊनच ते करावे, असा इशाराही त्याने दिला. हे ज्ञान पुढे बगदादला पोचले. अब्बासी खलिफांचा वजीर याह्या बिन खालिद बरमकी याच्या सांगण्यावरून मंका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत आणला. युनान आणि हिंदुस्तान यांचे वैद्यक अशा तऱ्हेने एकाच शहरात भेटले.

नवव्या-दहाव्या शतकातील मोठे हकीम अबू बक्र राझी यांनी मूत्रपिंड आणि मूत्राशय यांतील खड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते युरोपला इतके मोलाचे वाटले की १८९६ मध्ये लायडन येथे फ्रेंच भाषांतरासह छापले गेले. कुर्तुबाजवळच्या अझ-झहरा येथील अबुल कासिम झहरावी हे शस्त्रक्रियेतले उस्ताद. 'अत-तसरीफ' या त्यांच्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात हत्यारांची चित्रे आहेत. मूत्रमार्गात अडकलेला खडा बारीक सामत्याने भोके पाडून फोडण्याची पद्धत त्यांनी सांगितली आहे.

झहरावींचे स्त्रियांविषयीचे प्रकरण आज मुद्दाम वाचण्याजोगे आहे. स्त्रीला मुतखडा झाला तर उपचार अवघड का होतो, याची कारणे ते मोजतात. त्यात लाजेमुळे स्त्री वैद्यासमोर येत नाही हे एक, आणि हे काम जाणणारी स्त्री सापडत नाही हे दुसरे. पण तेवढे लिहून ते थांबत नाहीत. जाणकार स्त्री-वैद्य शोधावी, ती न मिळाल्यास अनुभवी सुईण बोलवावी आणि वैद्याने सांगावे तसे तिने करावे, असा मार्ग ते देतात. हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमाने परदा मानला, पण परद्यापायी बाईला मरू दिले नाही.

निजामाच्या मुलखात

दख्खनमध्ये हे शास्त्र युनानी तिब या नावाने नांदले. हकीम नाडी पाहत आणि रोग्याने बाटलीत आणलेली लघवी, म्हणजे कारुरा, उजेडात धरून तिचा रंग, दाटपणा आणि तळाचा गाळ तपासत. मूत्रपिंडाच्या खड्याला ते संगे-गुर्दा म्हणत आणि मूत्राशयाच्या खड्याला संगे-मसाना. औषधे आणि पथ्य हकिमाकडे असे, चिरफाड जर्राहाकडे. ही वाटणी सर्वांना ठाऊक होती. कोणत्या दुखण्याला कोणाचा हात लावायचा, हे समाज जाणत होता.

परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत १८४६ मध्ये मेडिकल स्कूल सुरू झाले आणि तेथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवले जाऊ लागले. तेथून बाहेर पडणाऱ्यांनाही हकीम ही पदवी मिळे. १८८० च्या दशकात मुलींनाही प्रवेश मिळाला. त्यांत पारशी समाजातील रूपाबाई फर्दुनजी होत्या, ज्या पुढे भूल देण्याच्या कामात नावाजल्या. १८८८ आणि १८८९ मध्ये निजाम सरकारच्या खर्चाने डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारात क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, पण भुलेच्या प्रश्नावर जगाचे लक्ष हैदराबादकडे लागले होते, ही गोष्ट खरी.

भूल आल्याने मुतखड्याचे नशीबच पालटले. पूर्वी रोग्याला चौघांनी धरून ठेवावे लागे. १८७८ मध्ये अमेरिकेतील बिगेलो यांनी खडा आतच चुरून एकाच वेळी धुऊन काढण्याची रीत सांगितली. होळकरांच्या इंदूरमध्ये डॉ. कीगन यांनी ती लहान मुलांवरही यशस्वी करून दाखवली. त्या काळी हिंदुस्तानात गरीब घरच्या मुलांना मूत्राशयाचे खडे फार होत. नुसत्या धान्यावरचा निकस आहार, कमी पाणी आणि वारंवारचे जुलाब ही त्याची कारणे. आहार सुधारला तसे मुलांमधले ते खडे कमी झाले. आता मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडातले खडे वाढले आहेत.

१९०८ च्या मुसी नदीच्या पुरात अफजलगंजचा जुना दवाखाना वाहून गेला आणि पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमुळे परभणी आणि पूर्णा हैदराबादला जोडली गेली होती. मोठे दुखणे म्हणजे हैदराबाद, असे समीकरण होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि रोग्यांची दिशा बदलली. नंतर अंबाजोगाई व नांदेडला अशी महाविद्यालये झाली आणि २०२३ मध्ये खुद्द परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अंतर असे कमी होत गेले. शरम मात्र कमी झाली नाही.

फिकहची किताब काय सांगते

आपल्याकडे अनेक वयस्क माणसे थेंब गळतो म्हणून मशिदीत जाणे सोडतात. पाकी राहत नाही, ही त्यांची खरी वेदना असते. घरच्यांना वाटते, अब्बा अलीकडे आळशी झाले. वास्तविक फिकहच्या ग्रंथांत या त्रासाला सलसुल बौल असे नाव देऊन चर्चा केली आहे. ज्याचे थेंब थांबतच नाहीत अशा माणसाला हनफी फिकह माजूर मानते. त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी नवा वुजू करावा आणि नमाज अदा करावी, अशी सवलत त्याला आहे. तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा. ज्या विषयावर फकिहांना बोलायला संकोच वाटला नाही, त्यावर आपण डॉक्टरपुढे गप्प बसावे, याला काय म्हणावे?

जाणकाराकडे केव्हा जावे

पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी बहुधा वाढते. धार बारीक होणे, जोर करावा लागणे, रात्री वारंवार उठणे ही तिची लक्षणे. बऱ्याचदा गोळ्यांनी आराम पडतो. पण लघवी अजिबात उतरत नसेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

लघवीतून रक्त गेले, ते एकदाच गेले आणि दुखलेही नाही, तरी तपासणी करावीच. न दुखता जाणारे रक्त कर्करोगाची पहिली खूण असू शकते. तंबाखू आणि बिडी ओढणाऱ्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक आपोआप पडतात. मात्र कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर ती तातडीची वेळ आहे. अडकलेल्या खड्यामागे जंतुदोष झाला तर जीव जाऊ शकतो. दुखणे थांबले म्हणजे खडा गेला असेही नाही, त्यासाठी सोनोग्राफी हवी. १९८० मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून लहरींनी खडा फोडण्याचा उपचार सुरू झाला आणि आज दुर्बिणीनेही खडे निघतात. पोट फाडण्याची भीती आता बहुतेकांनी सोडावी.

स्त्रियांना लघवीची जळजळ वारंवार होत असेल, बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल, तर ते नशिबाचे भोग नाहीत, त्यावर इलाज आहे. स्त्री-डॉक्टरकडे जावे, पण जावे. मुलाच्या अंडकोषात एकाएकी कळ उठली तर पहिले पाच-सहा तास मोलाचे असतात. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा लघवी व क्रिएटिनिन तपासून घ्यावे. वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नयेत आणि कोणी कुश्ता दिला तर त्यातील धातूंची खात्री नसताना घेऊ नये.

परभणीच्या उन्हाळ्यात शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्याने तहान लागण्याआधी पाणी प्यावे. रमजानमध्ये इफ्तार ते सहरी पाणी भरपूर घ्यावे. खड्याचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी असेल त्याने रोज्यांविषयी आधी डॉक्टरला विचारावे, आजाऱ्याला सवलत खुद्द दीनने दिली आहे.

सुरुवात जवळच्या डॉक्टरपासून करावी, त्याने सांगितले की मूत्ररोगतज्ज्ञाकडे, म्हणजे युरॉलॉजिस्टकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या विकारांच्या अनेक शस्त्रक्रिया येतात, याची चौकशी रुग्णालयातच करावी.

राझींनी लिहिले, झहरावींनी हत्यारे घडवली, फकिहांनी सवलत दिली. त्या सर्वांनी आपापले काम केले. आपल्या वाट्याला एवढेच काम आले आहे की वडिलांना एकदा जवळ बसवून विचारावे, अम्मीला विचारावे, की रात्री किती वेळा उठता, काही त्रास होतो का. त्यांनी सांगितले की दुसऱ्याच दिवशी त्यांना सोबत घेऊन निघावे.