पत्ता नसलेल्यांसाठी दूरध्वनी

२०११ च्या जनगणनेत देशातील बेघरांची संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार नोंदली गेली. रेल्वे फलाटांवर आणि उड्डाणपुलांखाली राहणारे तरुणही त्यांत आले. शासनाचे बहुतेक व्यवहार पत्त्यावर चालतात. ज्याला पत्ताच नाही, अशा तरुणापर्यंत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम न्यावे कसे? अलीकडे या प्रश्नाचे उत्तर ‘मोबाइल’ या एका शब्दात दिले जाते. ते उत्तर गेल्या चार दशकांच्या अनुभवावर तपासून घेणे इष्ट ठरेल.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून भारतातील एचआयव्हीची पहिली नोंद झाली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. शासनाची पहिली प्रतिक्रिया मात्र भयाची होती. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस अलग डांबण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायदा वैध ठरविला. तपासणीची परिणती कोठडीत होणार असेल, तर तपासणीला कोण येणार?

१९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी वेगळी वाट धरली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांतूनच ‘पीअर एज्युकेटर’ निवडून त्यांनी आरोग्यशिक्षणाचे काम त्यांच्या हाती दिले. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमानेही ही पद्धत स्वीकारली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने अमली पदार्थ घेणारे, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर असे गट ठरले. बेघर तरुण हा स्वतंत्र गट मात्र या यादीत आला नाही. यांपैकी एखाद्या गटात बसला, तरच तो कार्यक्रमाच्या दृष्टीस पडे.

आता दूरध्वनीकडे वळू. केनियातील रुग्णांना आठवड्याला एक संदेश जाई: ‘कसे आहात?’ अडचण कळविणाऱ्याला आणि उत्तर न देणाऱ्यालाही परिचारिका स्वतः फोन करी. औषधे नियमित घेण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दक्षिण भारतात सुमारे ६३० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात दर आठवड्याला यंत्राकडून स्मरणाचा फोन आणि चित्रसंदेश जात असे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत उपचारांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. दोन्ही देशांची परिस्थिती भिन्न, त्यामुळे तुलना जपूनच करावी लागेल. तरीही संदेशामागे माणूस असणे किती मोलाचे आहे, याचा विचार या दोन निष्कर्षांवरून करावासा वाटतो.

हे दोन्ही अभ्यास घरदार असलेल्या वा निदान दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांचे होते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे संशोधकांनी बेघर तरुणांच्या हाती स्मार्टफोन दिले आणि दिवसागणिक त्यांचे मन, ताण व वर्तन यांची विचारपूस केली. फूटपाथवर फोन हरवतो, चोरीला जातो, चार्ज करायला जागा मिळत नाही. एकच फोन चौघे वापरत असतील, तर आजाराचा उल्लेख असलेला संदेशच घातक ठरतो. गोपनीयतेचे संरक्षण देणारा २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ पासून अंमलात आहे. पण फोनच्या पडद्यावर काय उमटावे, हा निर्णय योजना आखणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

अर्थशास्त्रात उत्पादन आणि फलित यांत भेद करतात. ‘इतके लाख संदेश पाठविले’ हे उत्पादन होय. कितीजणांनी उत्तर दिले, कितीजण तपासणीस आले, हे फलित. बेघरांच्या रात्रनिवाऱ्यांत चार्जिंगची सोय, त्यांच्यातलाच एक प्रशिक्षित कार्यकर्ता आणि त्याच्याशी जोडलेला एक क्रमांक, एवढी व्यवस्था फार खर्चिक नाही. १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहेच. तिच्यावरून आलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा करायला फलाटापर्यंत कोण जाणार, हे मात्र योजनेच्या मसुद्यातच लिहिलेले असावे.