कालव्याचा जमाखर्च

मंडळी, तिजोरीत पैसे मोजके आणि मागण्या ढीगभर. मग कुठला प्रकल्प घ्यायचा आणि कुठला फायलीत ठेवायचा? इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या कालव्यांना एक साधी चाळणी लावली होती. कर्ज काढून कालवा बांधायचा, तर पूर्ण झाल्यावर १० वर्षांत त्याच्या निव्वळ उत्पन्नातून भांडवलावरचं व्याज सुटलं पाहिजे. सुटलं तर काम 'उत्पादक'. थोडक्यात, आपला आरओआय!

पंजाबात हे जमलं. बर्फाच्या पाण्यावरच्या नद्या, सपाट जमीन. दख्खनमध्ये मात्र आधी धरण बांधा, म्हणजे खर्च मोठा. शिवाय काळ्या जमिनीत ओल टिकते. पाऊस बरा झाला तर ज्वारीवाला शेतकरी पैसे मोजून पाणी घेईल कशाला? म्हणजे गिऱ्हाईक फक्त दुष्काळात, एरवी शुकशुकाट. अपघात झाला नाही त्या दिवशी हेल्मेटने काय कमावलं, असं विचारण्यातला प्रकार!

१८७६-७८ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, तेव्हा सरकारला 'संरक्षक' कामं वेगळी काढावी लागली. त्यांना नफ्याची अट नाही. पण पैसा यायचा तो दुष्काळासाठी ठरवलेल्या वर्षाला १.५ कोटी रुपयांतून, आणि त्यातच मदतकार्यही, रेल्वेही. तंगी आली की त्यालाही कात्री. नफ्याची अट सुटली, खर्चाची मर्यादा मानगुटीवर बसली.

बारामती-इंदापूरकडे गेलेला नीरा डावा कालवा या जातकुळीतला. पण उत्पन्न तर हवंच ना? मग वर्षभर पाणी घेणारं, भरवशाचं गिऱ्हाईक सापडलं : ऊस. दुष्काळातली ज्वारी वाचवायला काढलेलं पाणी हळूहळू उसाकडे वळलं. जे मोजलं, तेच वाढलं.

१९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला. त्याने प्रश्नच बदलला. कालवा असेल तर दुष्काळी मदतीचा किती खर्च वाचेल? तो वाचलेला पैसाही जमेला धरा!

पुढचं पाऊल आपल्या पुण्यातलं. गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. सरकारच्या पाणीपट्टीपलीकडे जाऊन शेतकरी, मजूर, व्यापार या सगळ्यांना काय मिळालं, ते त्यांनी मोजलं. १९६४ साली निजलिंगप्पा समितीने लाभ-खर्चाचं गुणोत्तर १.५ असावं, असं सुचवलं. पुढे दुष्काळी भागासाठी ते १ वर आणलं गेलं. 'संरक्षक' काम नव्या नावाने परत आलं म्हणा ना!

अर्थात लाभ फुगवून दाखवायची सोयही यातूनच होते, म्हणून जुन्या चाळणीचा कडकपणा अगदीच टाकाऊ नव्हता. असो. पण पुढच्या वेळी 'प्रकल्प तोट्यात' अशी बातमी वाचलीत, तर एवढं जरूर विचारा : तोटा नेमका कुणाच्या वहीत?