नाटो : खर्चाची वाटणी

उत्तर अटलांटिक करार संघटना (नाटो, स्थापना ४ एप्रिल १९४९) या लष्करी युतीचा खर्च तिचे ३२ सदस्य देश दोन मार्गांनी उचलतात : सामायिक निधीतून आणि ज्याच्या-त्याच्या संरक्षण खर्चातून. वृत्तपत्री चर्चेत या दोहोंची हमखास सरमिसळ होते.

रीतसर वर्गणी असते ती फक्त सामायिक निधीसाठी. ब्रुसेल्सच्या मुख्यालयाचा खर्च नागरी अंदाजपत्रकातून, संयुक्त सेनाधिपत्याचा लष्करी अंदाजपत्रकातून भागतो. हवाईतळ, इंधनवाहिन्या, दळणवळण यंत्रणा अशा बांधकामांसाठी वेगळा गुंतवणूक कार्यक्रम आहे. २०२५ साली हे सारे मिळून सुमारे ४.६ अब्ज युरो होते. सदस्यांच्या एकूण संरक्षण खर्चाच्या जेमतेम ०.३ टक्के. प्रत्येकाचा वाटा सकल राष्ट्रीय उत्पन्नावर बेतलेल्या सूत्राने ठरतो. अमेरिका पूर्वी २२ टक्क्यांहून अधिक देत असे. २०१९ मध्ये सूत्र बदलले आणि ती जर्मनीच्या बरोबरीला आली. २०२४-२५ साठी दोघांचा वाटा प्रत्येकी १५.८८ टक्के होता. स्वतःचे सैन्य नसलेला आइसलँडही वर्गणी भरतो. सामायिक मालकीची सर्वांत ठळक खूण म्हणजे जर्मनीतील गायलेनकिर्शन तळावरची अवॅक्स टेहळणी विमाने : कर्मचारी अनेक देशांचे, नोंदणी लक्झेंबर्गची आणि शेपटावर त्या चिमुकल्या देशाचा सिंह.

खरा भार मात्र दुसऱ्या मार्गाचा. मोहिमेवर तुकडी पाठवणाऱ्या देशानेच तिचा खर्च सोसायचा, हा येथला जुना दंडक. त्यामुळे मोठ्या सदस्याच्या छत्राखाली लहानांनी हात आखडता घेण्याला वाव राहतो. मॅन्कर ओल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच ही प्रवृत्ती मांडून दाखवली होती.

२०१४ च्या वेल्स परिषदेत सदस्यांनी दहा वर्षांत संरक्षण खर्च देशांतर्गत सकल उत्पादनाच्या २ टक्क्यांकडे नेण्याचे ठरवले. त्या वर्षी अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस हे तीनच देश ही पातळी गाठत होते. डॉनल्ड ट्रंप यांनी या तुटीला वारंवार थकबाकी म्हटले, ते चुकीचे आहे : हा पैसा नाटोच्या तिजोरीत जातच नाही, देश तो आपल्याच सैन्यावर खर्चतो.

जून २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले : ३.५ टक्के थेट संरक्षणासाठी, १.५ टक्के पायाभूत सुविधा, सायबर सुरक्षा इत्यादींसाठी. आपल्याला २.१ टक्के पुरेसे आहेत, अशी भूमिका स्पेनने घेतली. उद्दिष्टाचा आढावा २०२९ मध्ये व्हायचा आहे.